पोटनिवडणुकीचा कौल आणि राजकीय पक्ष

कर्जत तालुक्यातील भिवपुरीसारख्या गावच्या मतदाराला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा अशा पाच संस्थांसाठी मत द्यावे लागते. ह्या पाचही संस्थांच्या मुदती एकाच वेळी संपतात असे नाही. शिवाय २००८ च्या मतदारसंघ-पुनर्रचनेपासून हे गाव महसुली दृष्टीने रायगड जिल्ह्यात, परंतु लोकसभेच्या दृष्टीने घाटापलीकडील मावळ मतदारसंघात मोडते. त्यामुळे दोन सार्वत्रिक निवडणुकांमधील काळातही कोठल्या ना कोठल्या निवडणुकीचा नगारा येथे वाजतच असतो. अशा अधल्यामधल्या निवडणुकांच्या निकालांवरून राजकीय पक्ष कोणता बोध घेतात, व तो पुढे कितपत खरा ठरतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. अमेरिकेत ह्या प्रश्नाची चर्चा विपुल झाली आहे. महाराष्ट्राच्या इतिहासातही त्याला लागणारी सामग्री कमी नाही.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. ‘पोटनिवडणूक’ हा शब्द पोटजात, पोटकलम, पोटहिस्सा, पोटभाडेकरू ह्या पंक्तीतला आहे. मोठ्या वस्तूच्या पोटात सामावलेली, तिच्याच जातीची परंतु तिच्यापुढे गौण असलेली वस्तू असा त्या ‘पोट’चा अर्थ. म्हणजे ही निवडणूक सार्वत्रिक निवडणुकीचेच लहान रूप होय, असे गृहीत ह्या शब्दातच दडलेले आहे. आणि ते गृहीत बरेचसे फसवे आहे. दुसरा शब्द ‘मध्यावधी’. आपल्याकडे मुदतीपूर्वीच सभागृह विसर्जित होऊन जी निवडणूक होते तिला हे नाव आहे. १९७१ ची लोकसभा निवडणूक हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेत मात्र अध्यक्षाच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर प्रतिनिधिगृहाची निवडणूक पंचांगाप्रमाणे ठरल्या वेळी येतेच. आपली वृत्तपत्रे दोहोंना एकच शब्द वापरतात. एक निवडणूक राजकीय संकटातून जन्मते व दुसरी कालगणनेतून, हा भेद त्यामुळे पुसला जातो.

अमेरिकेतील अनुभव थोडक्यात असा. मध्यावरील निवडणुकीत अध्यक्षाच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा बहुधा घटतात; विसाव्या शतकात व त्यानंतर १९३४, १९९८ व २००२ ही वर्षे तेवढी ह्याला अपवाद ठरली. व्हर्जिनिया राज्यात अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी राज्यपालाची निवडणूक होते. तेथे १९७७ पासून अध्यक्षाच्या विरोधी पक्षाचाच उमेदवार निवडून येत राहिला. फक्त २०१३ साली हा क्रम मोडला. असे निकाल लागताच सत्ताधारी पक्षाच्या ऱ्हासाची भाकिते सुरू होतात. परंतु २०२१ मध्ये व्हर्जिनिया गमावलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाची २०२२ मध्ये अपेक्षेइतकी पीछेहाट झाली नाही. मतदार कमी संख्येने येतात, आणि जे येतात त्यांत रुष्ट झालेल्यांचे प्रमाण अधिक असते, हे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण होय. आपल्या प्रदेशाला ते पूर्णपणे लागू पडत नाही. कारण येथील अनेक पोटनिवडणुका थंड नव्हत्या, उलट विलक्षण तापलेल्या होत्या.

निकालाला मराठीत ‘कौल’ म्हणतात. हा शब्द मूळ अरबी असून वचन, अभय हा त्याचा जुना अर्थ. पेठ वसविण्यासाठी किंवा रयतेला लागवडीस आणण्यासाठी दिलेले कौलनामे ऐतिहासिक कागदपत्रांत पुष्कळ आढळतात. कोकणात मात्र ह्या शब्दाला दुसरेच वळण लागले. देवाच्या मूर्तीला पाकळ्या किंवा तांदूळ लावायचे, आणि उजवी पडते की डावी ह्यावरून देवाची इच्छा ओळखायची, हा तेथील कौल होय. त्यात प्रश्न आधी स्पष्ट शब्दांत विचारलेला असतो. गुरव केवळ उत्तराचा अर्थ सांगतो. पोटनिवडणुकीत हा क्रम उलटा होतो. पाकळी आधी पडते, आणि मग ‘आम्ही देवाला काय विचारले होते’ हे प्रत्येक पक्ष ठरवू लागतो. पोटनिवडणुकांचा प्रभाव मतांच्या संख्येपेक्षा ह्या मागाहून ठरविलेल्या प्रश्नातूनच अधिक पडलेला दिसतो.

१९६३ सालचे उदाहरण सर्वपरिचित आहे. चीनच्या आक्रमणानंतरच्या त्या वर्षी झालेल्या पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी अमरोह्यातून, राममनोहर लोहिया फर्रुखाबादेतून आणि मिनू मसानी राजकोटमधून लोकसभेवर आले. तीन मतदारसंघांनी पाचशेच्या सभागृहाचे बलाबल बदलत नाही. तरीही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळावर पहिला अविश्वासाचा ठराव आला, आणि त्याच महिन्यात कामराज योजनेखाली सहा केंद्रीय मंत्री व सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. ‘संघटना शिथिल झाली आहे काय’ हा प्रश्न काँग्रेसने स्वतःच निवडला होता. त्याच वर्षी नाशिकच्या पोटनिवडणुकीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण अविरोध निवडून आले. तेथे कौल लावण्याची वेळच आली नाही, आणि म्हणून त्या निकालातून कोणी काही शिकलेही नाही.

१९६७ मध्ये ईशान्य मुंबईत जे घडले ते अधिक गुंतागुंतीचे आहे. फेब्रुवारीच्या सार्वत्रिक निवडणुकीत स. गो. बर्वे यांनी काँग्रेसतर्फे कृष्ण मेनन यांचा पराभव केला. काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यामुळे मेनन अपक्ष उभे होते. बर्वे यांचे थोड्याच दिवसांत निधन झाले, आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना हरविले. आदल्या वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन यांना विरोध केला होता. मेनन यांचा पाडाव हा मुंबई काँग्रेसच्या नेतृत्वाचा विजय मानावा, तर त्या नेतृत्वाचे मुकुटमणी स. का. पाटील त्याच फेब्रुवारीत दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून हरलेले होते! ह्या निकालांचा खरा लाभ जिचा उमेदवारही रिंगणात नव्हता त्या संघटनेने उचलला. पुढे त्याच वर्षी ठाणे नगरपालिकेत शिवसेनेचे वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले, आणि १९६८ मध्ये मुंबई महापालिकेत तिने ४२ जागा मिळविल्या.

परळची १९७० सालची पोटनिवडणूक ह्या सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल. तिचे महत्त्व कळण्यासाठी परळ म्हणजे काय होते हे ध्यानात घेतले पाहिजे. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये व भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पाणी पायथ्याशी आणून तयार केलेली ही वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरविली जात असे. गिरण्यांत राबणारे हातही बहुतांशी कोकणातून व घाटावरून गेलेले. ह्या कामगारांमध्ये १९२८ च्या संपापासून साम्यवाद्यांनी पाय रोवले होते, आणि परळ-लालबाग हे त्यांचे हक्काचे क्षेत्र समजले जाई. तेथील साम्यवादी आमदार कृष्णा देसाई यांची ५ जून १९७० रोजी हत्या झाली. रिक्त जागेसाठी त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. शिवसेनेने वामनराव महाडिक यांना उभे केले. महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले, आणि शिवसेनेला विधानसभेत पहिला आमदार मिळाला.

एका आमदाराच्या हत्येनंतर त्याच्या विधवेचा त्याच्याच वस्तीत पराभव व्हावा, ही गोष्ट विलक्षण खरीच. साम्यवाद्यांनी तिचा अर्थ दहशत व प्रांतीय भावना ह्यांचा विजय असा लावला. मुंबईतून साम्यवाद संपला, असा अर्थ शिवसेनेने लावला. दोन्ही अर्थ घाईचे होते. १९७२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत शिवसेनेला विधानसभेची एकच जागा मिळाली, आणि ती गिरगावात, प्रमोद नवलकर यांना. परळ तिच्या हातून गेले. १,६७९ मतांच्या आधिक्यावर उभारलेली गणिते दोन वर्षांतच कोसळली. तथापि निवडणूक गमावूनही शिवसेनेने परळ सोडले नाही. शाखा राहिल्या, कामगारांत पक्षाची ये-जा राहिली. महाडिक पुढे मुंबईचे महापौर झाले, आणि १९८९ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईतून लोकसभेवरही गेले. साम्यवाद्यांना ह्या वस्तीची मशागत पुन्हा पहिल्यासारखी करता आली नाही. पोटनिवडणुकीने शिवसेनेला बहुमत दिले असे म्हणण्यापेक्षा तेथे बसण्याचा हक्क दिला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

साम्यवाद्यांना जानेवारी १९७४ मध्ये एक संधी मात्र मिळाली. रा. धों. भंडारे बिहारचे राज्यपाल झाल्यामुळे मध्य मुंबईची लोकसभेची जागा रिकामी झाली होती. काँग्रेसने रामराव आदिक यांना उभे केले व शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. दलित पँथरने बहिष्कार पुकारला. वरळीत दंगल उसळली. निवडून आल्या त्या श्रीपाद अमृत डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे. परळचा कौल उलटला, असा आनंद डाव्या गोटात झाला. परंतु आणीबाणीला पाठिंबा देणाऱ्या त्यांच्या पक्षाला १९७७ मध्ये मुंबईत थारा मिळाला नाही. शहरातील सहाही जागा जनता पक्ष व त्याच्या मित्रपक्षांकडे गेल्या. बहिष्काराचा अर्थ कोणत्याही पक्षाने गंभीरपणे लावला नाही, ही त्या निवडणुकीतील सर्वांत मोठी उपेक्षा. न पडलेली मतेही काही सांगत असतात.

डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू यांनी काँग्रेसचे प्रभाकर कुंटे यांचा पराभव केला. प्रचार उघडपणे हिंदुत्वाच्या आधारे झाला होता. भारतीय जनता पक्ष त्या वेळी शिवसेनेच्या विरुद्ध, जनता पक्षाच्या प्राणलाल व्होरा यांच्या पाठीशी उभा होता, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. निकाल जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याला अधिक लवकर उमगल्याचे हे उदाहरण होय. १९८९ मध्ये ह्या दोन पक्षांची युती झाली. १९९० च्या विधानसभेत त्यांना अनुक्रमे ५२ व ४२ जागा मिळाल्या, आणि १९९५ मध्ये सत्ता. दरम्यान मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये प्रभू यांची निवड धर्माच्या नावे मते मागितल्याबद्दल रद्दबातल ठरविली व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम केला. कायद्याने जी निवडणूक झालीच नाही असे मानले, तिच्या आधाराने तोपर्यंत राज्याचे राजकारण पुरते बदलून गेले होते.

अलीकडील घटनांत कसबा पेठ व चिंचवड ह्यांची जोडी बोलकी आहे. दोन्ही पोटनिवडणुकांचे निकाल २ मार्च २०२३ रोजी लागले. कसब्यात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भारतीय जनता पक्षाचे हेमंत रासने यांना हरविले. चिंचवडमध्ये त्याच पक्षाच्या अश्विनी जगताप विजयी झाल्या. चिंचवड व कर्जत हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभा मतदारसंघाचे भाग आहेत. त्यामुळे भिवपुरीच्या मतदारापर्यंत ह्या कौलाची चर्चा पोहोचणे स्वाभाविक होते. चिंचवडमध्ये नाना काटे व राहुल कलाटे ह्या दोन पराभूत उमेदवारांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून अधिक भरली. एकीने लढल्यास विजय निश्चित, हा निष्कर्ष विरोधकांनी दोन्ही निकालांतून काढला, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४८ पैकी ३० जागा जिंकल्यावर तो सिद्ध झाल्यासारखा वाटला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महायुतीने विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा मिळविल्या, आणि कसब्यात रासने यांनी धंगेकरांना हरविले. चिंचवडमध्ये कलाटे ह्या खेपेस एका मोठ्या पक्षाचे अधिकृत उमेदवार होते, तरीही भारतीय जनता पक्षाचे शंकर जगताप लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले. बेरजेचे गणित मतपेटीत तसेच उतरत नाही.

ग्रामपंचायतीच्या निकालांचा अर्थ लावणे तर याहून कठीण. तेथे पक्षचिन्हांवर निवडणूक होत नाही. गावात पॅनेल असतात, त्यांत भावकी असते, वाडी असते, पाण्याचा व रस्त्याचा प्रश्न असतो. तरीही निकालाच्या रात्री किती गावे कोणत्या पक्षाची, ह्याचे दावे सुरू होतात. २०१७ मध्ये सरपंच थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत आल्यावर हे दावे वाढले. २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली व २०२२ मध्ये सरकार बदलताच पुन्हा आली. सरपंच कोणी निवडावा, ह्या प्रश्नाचे उत्तर मुंबईत कोणाचे सरकार आहे ह्यावर अवलंबून राहिले, एवढा अर्थ मात्र त्यातून निर्विवादपणे निघतो.

कौलाचे अर्थ चुकतात म्हणून कौल लावूच नये, असे मात्र होत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढील तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक राहिला. राज्यातील अनेक पालिकांची व जिल्हा परिषदांची गत तीच झाली. कसब्याचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता, तोच २९ मार्च २०२३ रोजी पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. १९९५ पासून २०१९ पर्यंत ते कसब्याचेच आमदार होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे रिक्त जागा सहा महिन्यांत भरावयाची असते. परंतु निवडणूक आयोगाने इतर निवडणुकांची व्यग्रता व उरलेली अल्प मुदत ही कारणे पुढे केली. सत्ताधारी पक्षाला कसब्याची पुनरावृत्ती नको होती, असे विरोधक म्हणत राहिले. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्याच्या मतदारांना लोकसभेसाठी मत देण्याची संधी मिळाली ती १३ मे २०२४ रोजी, सार्वत्रिक निवडणुकीतच.