परगांवचें मैदान

यजमानाची खरी परीक्षा पाहुण्याच्या पानावरून होते. आपल्या मुलांबाळांना तूप सगळेच वाढतात. परका माणूस पंगतीच्या शेवटीं बसला असतां त्याच्या पानांत काय पडतें, यावरून घराची रीत कळते. इंग्लंडांतील फुटबॉलचे शौकीन नेमकी हीच कसोटी खेळाच्या मैदानांना लावीत आले आहेत. आपल्या क्लबाच्या पाठोपाठ गांवोगांव हिंडणारे हे लोक आगगाडीच्या डब्यांत एकत्र बसले, कीं कोणत्या गांवचें मैदान चांगलें आणि कोणत्या गांवचें वाईट, हा वाद हटकून निघतो. खेळ नीट दिसतो कीं खांब आड येतो, डोक्यावर छप्पर आहे कीं पावसांत भिजावें लागतें, दारावरचा माणूस अदबीनें वागतो कीं गुरें हांकल्याप्रमाणें हांकतो, चहा गरम मिळतो कीं नाहीं, अशा त्या वादांतील बाबी. वरवर पाहतां हा रिकामपणाचा विरंगुळा वाटेल. परंतु या मैदानांचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें, कीं त्या क्षुल्लक तक्रारींच्या पोटांत माणसांच्या जिवाचा प्रश्न दडलेला होता.

परगांवच्या प्रेक्षकाला जन्म दिला तो शनिवारच्या अर्ध्या सुटीनें आणि आगगाडीनें. १८५० च्या कायद्यामुळें कापडगिरण्यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबूं लागलें, आणि कामकरी वर्गाला आठवड्यांतून एक मोकळी दुपार मिळाली. पुढें १८८८ सालीं विल्यम मॅक्ग्रेगर यांच्या पुढाकारानें लँकेशायर व मध्य इंग्लंडांतील १२ क्लबांनीं फुटबॉल लीग स्थापिली. प्रत्येक क्लबानें दुसऱ्या प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें, एकदां आपल्या घरीं व एकदां त्याच्या घरीं, असा नियम ठरला. या एका नियमानें परगांवीं जाणें हा खेळाचा भागच झाला. १९५० पासून वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत. ती सारीं मैदानें पाहून आलेल्यांचें एक मंडळही पुढें निघालें. चारी धामें करून आलेल्या यात्रेकरूला आपल्याकडे जो मान मिळतो, तोच त्यांना आपल्या लोकांत मिळतो.

हीं मैदानें बांधलीं कोणीं? त्यांतील कितीएक आर्चिबाल्ड लीच या ग्लासगोच्या इंजिनिअरानें आंखलीं. कारखाने बांधण्यांत त्याची उमेदवारी झाली होती, आणि थोड्या खर्चांत पुष्कळ माणसें उभीं करावयाचीं, हेंच क्लबांचेंही मागणें होतें. ग्लासगो येथील त्याच्या आयब्रॉक्स मैदानावर ता. ५ एप्रिल १९०२ रोजीं लांकडी पायऱ्यांचा भाग कोसळून २५ माणसें मरण पावलीं. त्या अपघातानंतर लांकडी मांडवाऐवजीं मातीचे भराव व लोखंडी कठडे यांवर भर दिला जाऊं लागला. लंडनमध्यें थेम्स नदीच्या कांठीं फुलहॅम क्लबाचें जें मैदान आहे, तेथील १९०५ चें विटांचें प्रेक्षागार लीचनेंच उभारलेलें. उद्यानांतून नदीच्या कडेकडेनें चालत तेथें जावयाचें असल्यामुळें परगांवचे लोक त्या मैदानाला नेहमींच वरचा क्रमांक देत आले आहेत.

परंतु बहुतेक ठिकाणीं दाटी हीच रीत होती. ता. ९ मार्च १९४६ रोजीं बोल्टन येथें स्टोक सिटीविरुद्धच्या सामन्याला सुमारें ८५,००० लोक लोटले, आणि पायऱ्यांवरील कठडे मोडून ३३ जण चिरडून मेले. चौकशी झाली, मैदानांना परवाना असावा व माणसें मोजून आंत सोडावीं, अशी शिफारसही झाली. मात्र सक्तीचा कायदा होण्यास १९७५ साल उजाडावें लागलें, आणि त्यापूर्वीं २ जानेवारी १९७१ रोजीं आयब्रॉक्सच्याच एका जिन्यावर आणखी ६६ जीव गेले.

याच सुमारास दांडगाई करणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव वाढला. उपद्रव खरा होता, हें नाकारतां येत नाहीं. पण त्यावरील उपाय योजतांना प्रत्येक पाहुण्याला गुन्हेगार मानण्याची संवय जडली. पाहुण्यांची बाजू वेगळी काढण्यांत आली, तिच्यापुढें उंच लोखंडी कुंपणें उभीं राहिलीं. १९८५ सालीं लंडनच्या चेल्सी क्लबानें तर कुंपणावर विजेची तार बसविली. नगर-शासनानें मनाई केल्यामुळें तींत वीज मात्र कधीं सोडली गेली नाहीं. त्याच वर्षीं मार्चमध्यें ल्यूटन येथें मिलवॉलच्या सामन्यांत मोठा दंगा झाला, आणि १९८६ पासून ल्यूटननें परगांवच्या प्रेक्षकांना चार हंगाम दारच बंद केलें. त्यापायीं त्या क्लबाला लीग कप स्पर्धेंतून वगळण्यांत आलें. पाहुण्याला मुळीं पानच वाढावयाचें नाहीं, हा यजमानधर्माचा शेवटच होता.

पण त्याहून भयंकर गोष्ट दार उघडें असलेल्या ठिकाणीं घडली. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाची लेपिंग्ज लेनकडील बाजू पाहुण्यांसाठीं असे. १९८१ सालीं एका उपान्त्य सामन्यांत तेथें चेंगराचेंगरी होऊन ३८ माणसें जखमी झालीं. त्यानंतर त्या पायऱ्या कुंपणांनीं विभागून त्यांचे कोंडवाडे करण्यांत आले. ता. १५ एप्रिल १९८९ रोजीं लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या सामन्यासाठीं ही बाजू लिव्हरपूलच्या लोकांना मिळाली. उभ्यानें पाहणाऱ्या १०,१०० लोकांसाठीं फिरतीं फाटकें अवघीं सात होतीं. बाहेर दाटी अनावर झाली, तेव्हां २ वाजून ५२ मिनिटांनीं पोलिसांनीं एक रुंद दार उघडलें. लोक समोरच्या बोगद्यांतून सरळ मधल्या दोन कोंडवाड्यांत शिरले. ते आधींच भरले होते; बाजूचे रिकामे होते; पण बोगदा कोणीं बंद केला नाहीं, कीं बाजूची वाट कोणीं दाखविली नाहीं. पुढें कुंपण, मागें लोंढा. ३ वाजून ६ मिनिटांनीं खेळ थांबला. या दुर्घटनेंत एकंदर ९७ जीव गेले. त्यांतील शेवटचा मृत्यु २०२१ सालीं झाला.

मेलेल्यांवरच दोष लादण्याचा प्रयत्न झाला. वस्तुतः न्यायमूर्ति टेलर यांनीं त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें पोलिसांचा ताबा सुटला हें मुख्य कारण असल्याचें नमूद केलें होतें. तरी मृतांच्या आप्तांना २७ वर्षें झगडावें लागलें, आणि २०१६ सालीं ज्यूरीनें निःसंदिग्ध निर्णय दिला: हे मृत्यु बेकायदा मनुष्यवधाचे होते, आणि प्रेक्षकांचा त्यांत कांहीं दोष नव्हता.

टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर कुंपणें निघालीं, वरच्या श्रेणींत प्रत्येकाला बसावयास जागा मिळाली, आणि परगांवच्या मैदानांविषयींचा वाद पुन्हां हलकाफुलका झाला. न्यूकॅसलला कितीएक जिने चढून आकाशाजवळ बसावें लागतें, आणि तेथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात, अशी एकाची कुरकुर. तर ल्यूटनला रहात्या घरांच्या रांगेंतील दारांतून शिरून, लोकांच्या परसांवरून जिना चढावा लागतो, याचें दुसऱ्याला कौतुक. २०२३ सालीं ल्यूटन सर्वोच्च श्रेणींत चढलें, तेव्हां तें दार पाहण्यास लोक हौसेनें गेले. एके काळीं पाहुण्यांना बंद असलेलें गांव तें हेंच. भाड्यामासुलाच्या तक्रारीलाही फळ आलें: प्रेक्षकांच्या चळवळीमुळें २०१६ पासून प्रीमियर लीगमध्यें पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा पडली.

खांब आड येतो, वाट अरुंद आहे, दार एकच आहे, हीं वाक्यें ऐकतांना किरकोळ वाटतात. १९८१ सालीं लेपिंग्ज लेनवर जखमी झालेल्यांची हकीकत अशीच कोठेंतरी ऐकली गेली आणि विसरली गेली. घरच्या माणसाला घराची अडचण दिसत नाहीं, कारण ती त्याच्या अंगवळणीं पडलेली असते. ती प्रथम दिसते ती पाहुण्याला. म्हणून पाहुण्याची कुरकुर हा यजमानाचा अपमान नव्हे. आपल्या घरांत कोणती पायरी मोडकळीस आली आहे, हें कोणीतरी वेळेवर सांगितल्यासारखेंच तें आहे.