मुंगी चावल्यासारखं

"मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं सांगत मी आयुष्यभर बधिर करण्याची इंजेक्शनं दिली. पुढे माझ्याच पाठीवरची चरबीची गाठ काढायची वेळ आली तेव्हा कळलं, मुंगी कसली, निखारा होता तो! कापताना काहीच जाणवलं नाही; दुखलं ते बधिर करतानाच.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब आधी बेडकाच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिले. डोळा बधिर झाला. त्याच कोकेनची इंजेक्शनं स्वतःवर करून पाहणारे अमेरिकन सर्जन हॉल्स्टेड मात्र व्यसनात सापडले. १९४३मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केलं. सहकारी लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःलाच टोचून घेतलं. १९४८पासून ते झायलोकेन नावाने मिळू लागलं.

आग होते ती आम्लामुळे. रक्ताचा पीएच ७.४, ॲड्रेनलिन घातलेलं औषध टिकावं म्हणून त्याचा पीएच ४च्या आसपास ठेवतात. अशा ९-१० भाग औषधात १ भाग ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्याचंच निर्जंतुक द्रावण, ऐनवेळी मिसळलं की आग पुष्कळ कमी होते. बारीक सुई, अंगाइतकं कोमट औषध आणि सावकाश टोचणं, यांनीही फरक पडतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण बाहेर पेशंटची रांग असायची, आणि मी सिरिंज दाबून मोकळा व्हायचो. माझी गाठ काढणारा तरुण सर्जन माझाच विद्यार्थी. त्यानेही तसंच केलं. कुठे शिकलास, हे त्याला विचारायची सोय नव्हती.