भाडें भरल्यानंतरची सूट

विक्रोळीच्या कन्नमवारनगरांत अशीं कित्येक कुटुंबें आहेत कीं ज्यांच्या वाडवडिलांनीं मुंबई प्रथम पाहिली ती आगबोटीच्या कठड्यावरून. वेंगुर्ले, मालवण, देवगड किंवा रत्नागिरी हें मूळ ठिकाण. पडावांतून खोल पाण्यांत जावें, हिंदकळत्या पडावांतून आगबोटीवर चढावें, डेकवर वळकटी पसरावी आणि रात्र उलटल्यावर मुंबईचे दिवे पाहावे, असा तो प्रवास होता. त्या प्रवासाच्या आठवणी निघाल्या म्हणजे लाटांच्या आणि ओकाऱ्यांच्या हकीकतींबरोबर तिकिटाचीहि गोष्ट हटकून निघते. कोणाला किती आणे पडले, कोणाला कमी पडले, आणि त्याला तें स्वस्तांत कसें मिळालें!

समुद्रावरचा माणूस बदलला तरी हा विषय बदललेला नाहीं. आज सहलीच्या आगबोटीवर एखाद्या कुटुंबानें खोली राखून ठेवलेली असते, विसाराचे पैसेहि भरलेले असतात. आणि महिन्याभरानें कळतें कीं तशीच खोली कमी दरांत विकली जात आहे. चतुर गृहस्थ शेवटचा हप्ता भरण्यापूर्वींच कचेरींत जातो, नवा दर पुढें करतो आणि फरक मागतो. कधीं तो मिळतो, कधीं त्याऐवजीं वरच्या मजल्यावरची खोली मिळते, कधीं नुसती गोड भाषा मिळते. मागणाऱ्याचें यांत कांहीं चुकत नाहीं. परंतु सौदा ठरल्यानंतर हातीं येणारा हा लाभ मुंबईच्या दर्यावर्दी व्यापारानें सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच पाहिलेला आहे. त्या वेळीं सूट मागावयास गिऱ्हाईक गेलें नव्हतें. आगबोट कंपन्यांनीं ती आपण होऊन देऊं केली होती.

इ. स. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, वाफेचीं जहाजें वाढलीं आणि थोड्याच वर्षांत अशी स्थिति आली कीं माल कमी आणि आगबोटी जास्त. एकमेकांचे दर पाडून सगळेच बुडूं लागले, तेव्हां मोठ्या कंपन्यांनीं एकत्र बसून भाडीं ठरविण्यास प्रारंभ केला. १८७५ मध्यें कलकत्त्याच्या व्यापारासाठीं असा पहिला मोठा गट बनला. या गटांना 'कॉन्फरन्स' असें सभ्य नांव होतें. नुसतें भाडें ठरवून मात्र भागेना. कारण गटाबाहेरचा एखादा जहाजवाला कमी दरानें माल उचलण्यास तयारच असे, आणि व्यापारी त्याच्याकडे वळे. यावर लवकरच तोड निघाली, ती अशी.

समजा, मांडवीच्या एका व्यापाऱ्यानें जानेवारीपासून जूनपर्यंत दहा हजार रुपये भाडें भरून माल पाठविला. कंपनी त्याला सांगे, "शेटजी, यांतले शेंकडा दहा, म्हणजे हजार रुपये, आपले आहेत." पण हे हजार रुपये जूनच्या अखेरीस हातांत पडत नसत. जुलैपासून डिसेंबरपर्यंत पुन्हा सगळा माल गटाच्याच आगबोटींनीं गेला पाहिजे, एकहि गांठ परक्या जहाजांत चढतां कामा नये. तसें झालें तरच वर्षअखेरीस हजार रुपये मिळावयाचे. आणि तोंवर दुसऱ्या सहामाहीचे हजार रुपये कंपनीच्या वहींत जमा होऊन बसलेले असत! असें हें चक्र फिरत राही. व्यापाऱ्याची कांहीं तरी रक्कम कंपनीकडे अडकलेली नाहीं असा दिवसच वर्षांत उगवत नसे. वास्तविक ती रक्कम त्याच्याच खिशांतून गेलेली. परंतु ती परत मिळावी म्हणून तोच कंपनीचा मिंधा. शिवाय नव्या जहाजवाल्यानें एखाद्या खेपेस दोन रुपये कमी घेतले तरी त्या दोन रुपयांसाठीं वर्षाची सूट कोण घालवणार? सावकारी पेढीवर ज्यांचें बालपण गेलें त्यांनाहि हा हिशेब कौतुकास्पद वाटावा, इतका तो पक्का होता.

हें न्यायाचें आहे काय, असा प्रश्न विलायतेच्या कोर्टांत गेला होता. चीनमधील चहाच्या वाहतुकींत गटाबाहेर ठेवल्या गेलेल्या मोगल स्टीमशिप कंपनीनें गटावर फिर्याद केली. तेथें एकनिष्ठ व्यापाऱ्यांना शेंकडा पांच सूट होती. आणि १८८५ मध्यें मोगल कंपनीचीं जहाजें हँकाऊ येथें आलीं तेव्हां गटानें भाडीं इतकीं उतरविलीं कीं कोणालाच नफा उरूं नये. दावा चढत चढत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. निकाल गटाच्या बाजूनें लागला. आपला व्यापार राखण्यासाठीं केलेली ही चढाओढ बेकायदा नाहीं, असें ठरलें. हा निकाल लागून दोन वर्षें झालीं नव्हतीं, तोंच जमशेटजी टाटा यांनीं मुंबईहून आपली आगबोट सोडण्याचें मनावर घेतलें.

त्या काळीं मुंबईच्या गिरण्यांचें सूत चीनकडे जात असे आणि जपानांतील नव्या गिरण्या मुंबईचा कापूस मागूं लागल्या होत्या. ही वाहतूक पी. अँड ओ., ऑस्ट्रियन लॉइड आणि इटलीची रुबात्तिनो या तीन कंपन्यांच्या हातीं होती. जपानकडे माल नेण्याचा दर दर टनास एकोणीस रुपयांपर्यंत चढला होता. जमशेटजी स्वतः गिरणीवाले. सुतावरचा प्रत्येक आणा त्यांना ठाऊक. हें भाडें अवाच्या सवा आहे, अशी त्यांची खात्री झाली. १८९३ मध्यें ते जपानला गेले आणि तेथील निप्पोन युसेन कैशा या कंपनीच्या चालकांना भेटले. त्यांनीं अट घातली कीं धोका एकट्यानें पत्करावयाचा नाहीं, टाटांनींहि आपल्या जबाबदारीवर आगबोटी चालवाव्या. जमशेटजींनीं तें मान्य केलें. 'ॲनी बॅरो' ही इंग्रज आगबोट दरमहा १,०५० पौंड भाड्यानें घेतली, मागाहून 'लिंडिसफार्न' घेतली, आणि टाटांच्या नांवाची आगबोट लाइन सुरू झाली. दर ठेवला टनास बारा रुपये. जपानी कंपनीची 'हिरोशिमा मारू' त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कोबेहून मुंबईस निघाली.

मुंबईच्या गिरणीवाल्यांना आनंद झाला. तो फार दिवस टिकला नाहीं. पी. अँड ओ. कंपनीनें आपला दर एकोणिसावरून जो खालीं आणला तो बारावर नव्हे, दहावर नव्हे, तर दोन रुपयांच्याहि खालीं! जपानकडे जाणारा कापूस तर फुकट नेण्याची तयारी दाखविली. अट एकच: टाटांच्या किंवा जपान्यांच्या आगबोटींतून माल पाठविणार नाहीं, असें व्यापाऱ्यानें लिहून द्यावें. 'लिंडिसफार्न' कापसाच्या वाहतुकीस योग्य नाहीं, अशीहि कुजबूज बाजारांत पसरली.

आतां त्या व्यापाऱ्यांच्या जागीं क्षणभर बसून पाहावें. काल एकोणीस रुपये देत होतों, आज त्याच कामाला दोनहि पडत नाहींत. वाचलेले सतरा रुपये हे ज्याच्यामुळें वाचले त्याच्या आगबोटींत जावें, तर बारा द्यावे लागतात. टाटा नसते तर ही स्वस्ताई स्वप्नांतहि आली नसती, हें प्रत्येकाला कळत होतें. आणि तरीहि एकेक जण सही करून देत होता. त्यांना देशद्रोही म्हणणें सोपें आहे. परंतु ज्या अडत्याला शेजारच्या अडत्याशीं कवडीकवडीची स्पर्धा करावयाची, त्यानें दहा रुपये टनामागें जास्त देऊन दुकान किती दिवस चालवावें? कंपनीनें नेमकी हीच अडचण ओळखली होती. मोठ्या शत्रूशीं तिला लढावेंच लागलें नाहीं. तिनें टाटांच्या गिऱ्हाइकांना एकेकटें गांठलें.

जमशेटजींनीं सरकारकडे दाद मागितली. पत्रव्यवहार छापून लोकांपुढें ठेवला. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: टपाल नेण्याबद्दल या कंपनीला सरकारी खजिन्यांतून मोठी रक्कम मिळते, ती हिंदुस्थानच्या रयतेच्याहि पैशांतून, आणि त्याच बळावर ती हिंदी व्यापाऱ्याला बुडविते. उपयोग झाला नाहीं. लाखाहून अधिक रुपये गमावल्यावर टाटांनीं भाड्याच्या आगबोटी परत केल्या. जपानी कंपनी मात्र टिकली. तिच्यामागें तिचें सरकार होतें. १८९६ मध्यें तर जपाननें दर्यावरील वाहतुकीस द्रव्यसाह्य करण्याचा कायदाच केला. त्याच सुमारास गटानें जपानी कंपनीला आपल्यांत जागा दिली आणि दराचें युद्ध थांबलें. ज्यानें जपान्यांना मुंबईच्या दारांत आणलें त्याचें जहाज मात्र त्या दारांत उरलें नव्हतें.

डेकवरच्या गरीब उतारूला परताव्याचें खातें नसतें. त्याला वळविण्याची रीत निराळी होती, आणि ती दक्षिणेंत फार उघड्यावर आली. १९०६ मध्यें तुतिकोरिन येथें व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळे यांनीं स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तुतिकोरिन ते कोलंबो हा तिचा मार्ग. आरंभीं तिनें मुंबईच्या एका मालकाकडून आगबोट भाड्यानें घेतली होती. ब्रिटिश इंडिया कंपनीचा दाब येतांच ती काढून घेण्यांत आली. नंतर 'गॅलिया' आणि 'लावो' या दोन आगबोटी तिनें विकतच आणल्या. ब्रिटिश इंडियानें तिकीट एक रुपयावर आणलें. स्वदेशीनें आठ आणे केलें. तेव्हां ब्रिटिश इंडियानें उतारूंना फुकट नेण्याची तयारी दाखविली आणि वर एकेक छत्री बक्षीस ठेवली! ही गोष्ट हंसण्यासारखी आहे, पण चिदंबरम् यांना हंसण्यास सवड मिळाली नाहीं. १९०८ च्या मार्चमध्यें त्यांना अटक झाली, पुढें राजद्रोहाची शिक्षा झाली, आणि १९११ मध्यें कंपनी मोडली.

कोंकणच्या किनाऱ्यावरहि याच स्वदेशीच्या वाऱ्यानें एक हिंदी कंपनी उभी राहिली. शेफर्डच्या आगबोटीनें जाणारे लोक तिला 'माझी आगबोट' म्हणूं लागले. तिच्या आगबोटींस 'तुकाराम', 'रामदास' अशीं नांवें होतीं. ज्या उतारूला दर हाच एक बंध, त्याला नांवानें बांधून ठेवण्याचा हा प्रयत्न म्हणावा लागेल. छत्रीपेक्षां तो खचित अधिक सोज्वळ होता.

सूट आणि स्वस्ताई यांना पुरून उरली ती मात्र मुंबईचीच एक कंपनी. पहिलें महायुद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनीं ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून 'लॉयल्टी' ही आगबोट विकत घेतली. युद्धांत ती रुग्णालयाचें काम करीत होती. ५ एप्रिल १९१९ रोजीं ती मुंबईहून विलायतेस निघाली, आणि सिंदिया कंपनीचा संसार सुरू झाला. लॉर्ड इंचकेप यांच्या हातीं त्या वेळीं पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन्ही कंपन्या होत्या. सिंदिया किनाऱ्याच्या व्यापारांत शिरतांच रंगूनहून येणाऱ्या तांदळाचें भाडें अठरा रुपयांवरून सहा रुपयांवर उतरलें. टाटांवर चाललेला डाव तोच होता; परंतु या वेळीं समोरच्या कंपनीजवळ भांडवल अधिक होतें आणि माणसें चिवट होतीं. इंचकेप यांनीं कंपनीच विकत मागितली. ती मिळाली नाहीं. शेवटीं १९२३ मध्यें दहा वर्षांचा करार झाला. सिंदियानें आपल्या आगबोटी ७५,००० टनांपलीकडे वाढवूं नयेत, परदेशच्या वाहतुकींत पडूं नये, उतारू नेऊं नयेत. मात्र किनाऱ्यावरील मालवाहतुकींत तिला गटांत जागा असावी. मान वांचली, पण पाय बांधले गेले. वालचंदांना हा करार जन्मभर बोचला असल्यास नवल नाहीं.

गटांत जागा मिळाली म्हणजे गटाची चाल आलीच. भाडें भरल्यानंतर सूट देण्याची पद्धति जिच्याविरुद्ध वापरली गेली, तीच कंपनी आतां त्या पद्धतीच्या आंत होती. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या लहान हिंदी कंपन्या पुढें गटाच्या दरांविरुद्ध तक्रार करूं लागल्या, तेव्हां त्या तक्रारींत सिंदियाचेंहि नांव आलें. सिंदियाच्याच सेवेंत राहिलेले साराभाई नेमचंद हाजी हे पुढें मध्यवर्ती विधिमंडळांत निवडून गेले. त्यांनीं १९२८ मध्यें किनाऱ्याची वाहतूक हिंदी जहाजांसाठीं राखून ठेवण्याचें बिल आणलें आणि पुढच्याच वर्षीं ही लांबणीवरची सूट बंद करण्याचें दुसरें बिल आणलें. अमेरिकेनें अशी सूट १९१६ मध्येंच कायद्यानें बंद केली होती. हाजींच्या दोन्ही बिलांपैकीं एकाचाहि कायदा झाला नाहीं. किनारा हिंदी जहाजांसाठीं राखला गेला तो स्वराज्य आल्यावर, १९५० मध्यें.