चिमठाण्याची लूट आणि नीतीचा वाद

दोंडाईच्याच्या रस्त्यावर चिमठाण्याजवळ १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारला चाललेला सरकारी खजिना लुटला गेला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. साताऱ्याहून आलेले जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि त्यांना साथ देणारे खानदेशातले भूमिगत यांचे हे काम. सरकारदप्तरी तो दरोडा, साताऱ्यातल्या प्रतिसरकारच्या, म्हणजे या भूमिगतांच्या समांतर सरकारच्या, लेखी जनतेचा पैसा जनतेच्या लढ्याकडे वळला. पण गोरे सरकार काय म्हणाले याला फारसे महत्त्व नाही. नीतीचा खरा पेच स्वातंत्र्य मागणाऱ्यांच्या आपसातलाच होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. हे दोघे ज्या सत्याग्रहासाठी तुरुंगात होते त्याची रीत अशी की कायदा उघड मोडायचा आणि शिक्षा आपण भोगायची. त्यात राज्यकर्त्याला कधीतरी लाज वाटेल, हे गृहीत होते. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या, शिरीषकुमार आणि त्याच्यासोबतची कोवळी मुले पडली. ते गृहीत मग पश्चिम खानदेशात कितीजणांना पटणार होते? चिमठाण्यानंतर महिन्याभरात सुटलेल्या गांधीजींनी गुप्तपणाला नापसंती दर्शवून भूमिगतांना हजर व्हायला सांगितले. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील हजर झाले नाहीत.

यावर कोणी म्हणेल, गरज होती म्हणून पैसा लुटला, नीतीची झूल मागाहून चढवली. गरज तर होतीच. पण पैसाच हवा असता तर गावोगावच्या तिजोऱ्या अधिक सोप्या होत्या. उलट याच मंडळींनी सातारा भागात दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, न्यायदान मंडळे चालवली, दारू बंद केली, कमी खर्चाची लग्ने लावली. स्वतःसाठी लुटणारा स्वतःवर इतके निर्बंध घालून घेत नाही. तरीही सगळे हिशेब जुळत नाहीत. जून १९४३ मध्ये शेणोलीला लुटलेल्या गाडीतला पैसा रेल्वे कामगारांच्या पगाराचा होता, आणि फितुरीच्या संशयावरून ज्यांना मार बसला त्यांना वर दाद मागायला जागा नव्हती. प्रतिसरकारची नीती खरी होती. तिच्यावर नजर ठेवणारे मात्र तिचेच लोक होते, ही तिची उणीव. धुळे जिल्ह्यातल्या शाळांनी तुरुंगातली प्रवचने आणि चिमठाण्याची लूट एकाच आठवड्यात शिकवावी, आणि मुलांना भांडू द्यावे.