मागे फिरलेला कण

शाळेत असताना आम्ही अणूची आकृती वहीत काढीत असू : मध्यभागी केंद्रक आणि भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन. आकृती पाठ झाली. परंतु अणूच्या आत डोकावून कोणी पाहिले, हा प्रश्न आम्हांला फारसा पडला नाही. त्या शोधाची कथा मात्र आकृतीहून अधिक शिकवून जाते.

१८९७ साली केंब्रिजच्या कॅव्हेन्डिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला. अविभाज्य मानलेल्या अणूलाही अंतरंग आहे, हे त्यामुळे कळले. १९०४ मध्ये थॉमसन यांनी कल्पना मांडली की, धनप्रभार अणूभर पसरलेला असून त्यात इलेक्ट्रॉन, शिऱ्यात बेदाणे असावेत तसे, विखुरलेले आहेत.

अर्नेस्ट रदरफर्ड हे थॉमसन यांचेच शिष्य. १९०९ साली मँचेस्टर येथे त्यांचे सहकारी हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन हे धातूंच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा करीत होते. एखादा कण मागे फिरतो काय, हेही पाहावे, असे रदरफर्ड यांनी सुचविले. तसे घडेल, असे त्यांना स्वतःलाही वाटत नव्हते.

काम मोठे चिकाटीचे. अंधाऱ्या खोलीत बसून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर क्षणभर चमकणारे ठिपके सूक्ष्मदर्शकातून एकेक करून मोजावयाचे. तेव्हा आढळले की, प्लॅटिनमच्या पत्र्यावर आदळणाऱ्या सुमारे ८००० कणांमागे एक कण मागे फिरतो! इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३०० पट जड असलेल्या कणाला असे परतविणे विरळ पसरलेल्या प्रभाराला शक्य नव्हते. १९११ साली रदरफर्ड यांनी निष्कर्ष मांडला : अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्याच्या मध्याशी, अणूच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान जागेत एकवटलेले आहे. बाकी अणू बहुतांशी रिकामाच!

शिष्याने गुरूचे मत बाजूस सारले, ते पुराव्याच्या बळावर. रदरफर्ड यांचे चित्रही अपुरेच होते. फिरणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात का कोसळत नाहीत, याचे उत्तर त्यात नव्हते. ते शोधण्यासाठी १९१३ साली नील्स बोर यांनी ठरावीक कक्षांची कल्पना मांडली. पुढे १९३२ मध्ये रदरफर्ड यांचेच शिष्य जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला.

आठ हजारांतील तो एक कण नजरचूक म्हणून सोडून देणे किती सोपे होते! तो मोजला गेला, म्हणूनच केंद्रक सापडले. आपली मुले ही आकृती वहीत काढू लागतील, तेव्हा मागे फिरलेल्या कणाची ही गोष्टही आपण त्यांना अवश्य सांगावी.