नोंद ‘सेव्ह’ होताना फोन का अडकतो? डिस्कच्या फेऱ्या मोजण्याची गोष्ट

भूम किंवा परांडा तालुक्यातल्या एखाद्या शिवारात, सोयाबीनच्या बांधावर उभं राहून शेतकरी ई-पीक पाहणी करतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या या पद्धतीत गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि पिकाचा फोटो मोबाईलवरूनच भरायचा असतो. सातबाऱ्यावर पीक चढतं ते याच नोंदीवरून. रेंज नसेल तर माहिती आधी फोनमध्येच साठवावी लागते आणि नेटवर्क मिळाल्यावर वर पाठवावी लागते. मधल्या वेळेत ती फक्त त्या फोनमध्ये असते.

असं ऑफलाइन काम करणारं अ‍ॅप माहिती ठेवतं ती बहुतेक वेळा ‘एम्बेडेड डेटाबेस’मध्ये, म्हणजे वेगळ्या सर्व्हरशिवाय अ‍ॅपच्या आतच चालणाऱ्या डेटाबेसमध्ये. यातला सर्वांत परिचित म्हणजे एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी 2000 मध्ये तो तयार केला. अँड्रॉइडमध्ये तो आधीपासूनच बसवलेला असतो.

मग ‘सेव्ह’ दाबल्यावर स्वस्तातला फोन का अडकतो? दोष प्रोसेसरचा असेल असं वाटतं, पण बऱ्याचदा वेळ जातो तो स्टोरेजपर्यंतच्या फेऱ्यांमध्ये.

एसक्यूलाइटची फाइल पानांमध्ये विभागलेली असते. 2016 पासून एक पान साधारणपणे 4096 बाइटचं असतं. एक अक्षर बदललं तरी पूर्ण पान लिहावं लागतं. त्याहून महाग पडतो तो ‘एफसिंक’, म्हणजे ‘माहिती खरोखर स्टोरेजवर उतरली का, ते झाल्यावरच पुढे जा’ हा आदेश. जुन्या रोलबॅक जर्नल पद्धतीत बदलाआधी पानाची मूळ प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवली जाते, त्यामुळे एका व्यवहाराला साधारण तीन एफसिंक लागतात. शंभर नोंदी एकेक करून सेव्ह केल्या तर तीनशेच्या आसपास, त्याच एका व्यवहारात बांधल्या तर मोजून तीन-चार. फिरत्या हार्ड डिस्कवर हा फरक आणखी ठळक दिसतो. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कवर सेकंदाला जेमतेम 60 व्यवहार होतात, तर एकाच व्यवहारात 50,000 नोंदी सहज भरता येतात.

म्हणून नुसतं घड्याळ लावण्यापेक्षा फेऱ्या मोजलेल्या बऱ्या. लिनक्सवर ‘स्ट्रेस’ हे साधन प्रोग्रॅमने किती वेळा वाचलं, लिहिलं आणि एफसिंक केलं हे मोजून दाखवतं. वाचण्याच्या बाजूला ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ कामाला येतो. उत्तरात ‘स्कॅन’ दिसलं तर डेटाबेस सगळं टेबल चाळतोय, ‘सर्च’ दिसलं तर इंडेक्स वापरतोय. प्रत्येकी 200 बाइटच्या 20,000 नोंदी म्हणजे जवळपास हजार पानं. गट क्रमांकावर इंडेक्स असेल तर हवी ती नोंद पाच-सहा पानांत सापडते.

इथे एक फसगत नेहमी होते. तीच चाचणी दुसऱ्यांदा चालवली की ती भलतीच वेगवान वाटते, कारण पानं आता मेमरीत असतात. कॅशेचं श्रेय मग चुकून इंडेक्सला मिळतं. चाचणी दरवेळी कॅशे रिकामी करून घ्यावी, आणि तीही ऑफिसातल्या लॅपटॉपवर नाही, गावात वापरात असतो तसल्या फोनवर.

फेऱ्या कमी करण्याचा एक चांगला मार्ग 2010 मध्ये आला: ‘वॉल’, म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉगच्या शेवटी जोडत जायचे आणि मूळ फाइलमध्ये सवडीने उतरवायचे. यात एका व्यवहाराला एकच एफसिंक पुरतो. फोटोंचं गणित मात्र निराळं आहे. साधारण 100 किलोबाइटपेक्षा मोठा फोटो डेटाबेसमध्ये कोंबण्यापेक्षा वेगळी फाइल करून तिचा पत्ता तेवढा नोंदवणं सोयीचं.

‘सिंक्रोनस’ सेटिंग बंद केलं की एफसिंकच उरत नाहीत आणि आकडे एकदम देखणे होतात. पण त्याच क्षणी बॅटरी संपली तर पूर्ण डेटाबेस बिघडू शकतो. ‘वॉल’सोबत ‘नॉर्मल’ ठेवलं तर फाइल शाबूत राहते, पण शेवटच्या काही नोंदी पुसल्या जाऊ शकतात. चॅट अ‍ॅपमध्ये एखादा मेसेज गेला तर फारसं बिघडत नाही. पीक पाहणीत मात्र स्क्रीनवर ‘नोंद झाली’ असं वाचून शेतकरी घरी गेलेला असतो, आणि मुदत संपल्यावर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. अशा ठिकाणी ‘फुल’ ठेवून, शेतकऱ्याने एका गटासाठी भरलेली सगळी माहिती एकाच व्यवहारात लिहिणं हाच हिशेब परवडतो. त्यासाठी लागणारा एक एफसिंक साधा फोनही सहज पेलतो.