पिसवांचे घर

1896 च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एका विलक्षण तापाचे रोगी दिसू लागले. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा ताप म्हणजे ग्रंथिक सन्निपात, अर्थात प्लेग होय, असे निदान केले. पुढील दोन वर्षांत या रोगाने पुणे, बेळगाव, धारवाड आदी भागांत हाहाकार उडविला. 1897 च्या मार्चमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याला बळी पडल्या. त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घराघरांची झडती घेतली गेली, लोकांचे सामानसुमान जाळले गेले. आणि त्या संतापाची परिणती 22 जूनच्या रात्री रँडसाहेबावर झालेल्या गोळीबारात झाली.

ही सारी धडपड कशाविरुद्ध चालली होती? घाण, कोंदट हवा आणि जमिनीतील विष यांविरुद्ध. भिंतींवर चुना, फरशीवर कार्बॉलिक, आणि तरीही रोग हटत नव्हता. कारण खरा वाहक कोणाच्या हिशेबातच नव्हता. खेड्यापाड्यांतील माणसे मात्र घरात उंदीर पडू लागताच घर सोडून रानात झोपड्या बांधून राहात. कारण त्यांना सांगता येत नसे. पण अनुभव खरा होता.

हे कारण प्रथम हाती लागले ते पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराच्या. काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायांवर, बारीक फोड असतात, हे त्याने हेरले होते. हे फोड कोणत्या तरी किड्याच्या दंशाचे असावेत, असा त्याचा तर्क. 2 जून 1898 रोजी कराचीतील एका हॉटेलात त्याने एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने ग्रासलेला उंदीर ठेवला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून एका मांजराच्या अंगावरच्या पिसवा वेचून त्यांची त्यात भर घातली. मग जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. आजारी उंदीर मेला, आणि काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगनेच मेला. मधले अंतर पिसवांनी ओलांडले होते. सिमाँने हा शोध त्याच वर्षी प्रसिद्ध केला. परंतु सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने त्याला महत्त्व दिले नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मुंबईत ग्लेन लिस्टन याने तोच धागा उचलला. 1903 च्या एप्रिलमध्ये एका चाळीत पुष्कळ उंदीर मेले, आणि थोड्याच दिवसांत रहिवाशांना पिसवांचा असह्य उपद्रव होऊ लागला. लिस्टनने माणसांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करून तपासल्या. त्या 30 पैकी 14 पिसवा उंदरांच्या जातीच्या निघाल्या! यजमान थंड पडताच पिसू त्याला सोडते आणि जवळचे दुसरे ऊबदार शरीर गाठते, हा त्यातला अर्थ.

पुढे 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी गिनिपिगांच्या साह्याने या गोष्टीवर शिक्कामोर्तब केले. प्लेगच्या घरांत गिनिपिग मोकळे सोडले की पिसवा त्यांच्या अंगावर जमत. पिसवांना शिरता न येईल अशा बारीक जाळीत ठेवलेली जनावरे वाचत, साध्या पिंजऱ्यातली मरत. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यात रोग पोहोचे, दोन फुटांवर पोहोचत नसे. कारण पिसूची उडी तेवढी उंच जात नाही. 1914 मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी शेवटची कडी जोडली. प्लेगचे जंतू वाढून पिसूच्या अन्नमार्गात बोळा बसतो. ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि रक्त पोटात न उतरता जंतूंसह जखमेत परत येते.

आज घरातील कुत्र्यामांजरांवर आढळणारी पिसू ही बहुधा निराळ्या जातीची, मांजराची पिसू होय. प्लेग पसरविण्यात तिचा वाटा नगण्य. परंतु तिचा बंदोबस्त करताना त्या जुन्या चुकीचीच पुनरावृत्ती घरोघरी होते. मांजराला हाकलून दिले की पिसवाही जातील, असे समजले जाते. प्रत्यक्षात यजमान गेल्यावर उरलेल्या पिसवा माणसांच्या पायांकडे वळतात. चाळीतल्या मेलेल्या उंदरांनी शिकविलेला धडा तो हाच. शिवाय जनावराच्या अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांचा लहानसा भाग. अंडी केसांतून गळून फटींत, सतरंजीत, अंथरुणात पडतात. अळ्या उजेड टाळून तेथेच वाढतात. आणि कोशातली पिसू कित्येक आठवडे दबा धरून बसते. बंद घर उघडताच, पावलांच्या हादऱ्याने व उबेने जागी होऊन ती बाहेर पडते. कोशाच्या आत औषध सहसा पोहोचत नाही.

म्हणून उपाय दुहेरी हवा. घरातील सर्व जनावरांना पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे. कुत्र्याचे औषध मांजराला मुळीच लावू नये, कारण त्यातील पर्मेथ्रिन मांजराला प्राणघातक ठरते. त्याच वेळी त्यांची अंथरुणे कढत पाण्यात धुवावीत, कानेकोपरे व फटी रोज झाडाव्यात, आणि केर घराबाहेर टाकावा. कोश फुटून निघणाऱ्या पिसवा संपेपर्यंत हा क्रम काही आठवडे, प्रसंगी महिने, चालू ठेवावा. सामान जाळून, भिंती धुऊन जे साधले नाही, ते शत्रूचे बिऱ्हाड नेमके कोठे आहे हे कळल्यावर साधले. घरातल्या लढाईचेही तसेच आहे.